सरव्याची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी हातघंटा आहे, आणि खरे सांगायचे तर मला वाजायचा कंटाळा आला आहे. तुम्हाला हसू येईल, हे मला माहीत आहे. पण तुम्ही पन्नास वर्षे, दर सुगीला, सकाळी "चला" आणि संध्याकाळी "पुरे" एवढे दोनच शब्द बोलून बघा. मग आपण बोलू.

माझा जन्म शहरातल्या एका ओतशाळेत झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतत असताना ओतणाऱ्याला मोठी शिंक आली आणि त्याचा हात हलला. त्यामुळे माझी एक बाजू जरा जाड राहिली आणि आवाज घोगरा झाला. चर्चमध्ये टांगण्याच्या लायकीची मी नव्हते. मला एका मफिन, म्हणजे गोल पाव, विकणाऱ्याने घेतले. डोक्यावर गरम मफिनची पाटी आणि हातात मी, असे आम्ही गल्लीबोळांतून हिंडायचो. मी वाजले की लोक हसत दार उघडायचे. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस असे गेले की मी कुणाला कशापासून अडवले नाही.

म्हातारपणी तो मफिनवाला थर्स्टलिंग गावी आपल्या पुतणीकडे येऊन राहिला आणि तिथेच वारला. मी त्या पुतणीच्या हाती आले. तिचे नाव केझाया मदरसोल. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला अशी की समोरच्याने आधी टोपी काढावी आणि मग तोंड उघडावे.

थर्स्टलिंगच्या आजूबाजूला सगळा गहू. ऑगस्टच्या शेवटी कापणी उरकायची, पेंढ्या बांधून गाड्या भरायच्या, आणि मागे धसकटांमध्ये ओंब्या सांडलेल्या राहायच्या. त्या वेचायचा हक्क गावातल्या बायकांचा. हाच सरवा. ज्या घरी नवरा शेतमजूर आणि खाणारी तोंडे सहा, त्या घरी हिवाळ्याची भाकरी या सरव्यातून यायची. सप्टेंबरभर वेचायचे, घरी जमिनीवर झोडपायचे, पवनचक्कीवर दळून आणायचे. चांगल्या वर्षी पीठ वसंतातल्या ईस्टरपर्यंत पुरे.

पण यालाही नियम होता. पीक उचलून झाले तरी मालक शेताच्या मधोमध एक पेंढी उभी ठेवायचा. ती राखणीची पेंढी. ती उभी आहे तोवर कुणीही फाटकाच्या आत पाऊल टाकायचे नाही. मालकाचे काम संपले की तोच ती उचलून नेई. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी वाजे आणि सगळ्या बायका एकदम आत शिरत. संध्याकाळी सहाला मी पुन्हा वाजे, आणि ज्या बाईची कमर वाकलेली असेल तिने ती तिथेच सरळ करायची. चर्चचे घड्याळ वेळ सांगायचे, परवानगी मी द्यायची. नाहीतर तरण्याताठ्या बायका पहाटे पाचला येऊन शेत धुऊन नेतील आणि अंगावरचे मूल घेऊन येणारीला काडीसुद्धा उरणार नाही.

माझ्या आधी आठची ती वेळ चर्चच्या दारात कुणीतरी ओरडून सांगायचे. त्यावरून दरवर्षी भांडणे व्हायची. मी आले आणि भांडणे मिटली, म्हणून माझे फार कौतुक झाले. बायकांनी लोहाराच्या अंगणात जमून केझायाला सरव्याची राणी निवडले. डोक्यावर गव्हाच्या काड्यांचा मुकुट घातला. मर्सी पेटिट नावाची तिची शेजारीण तेव्हाच म्हणाली, "मुकुट नीट बसला नाही गं. डोकं मोठं आहे राणीबाईंचं." सगळ्या हसल्या. केझायाही हसली. त्यानंतर तीस वर्षे राणी तीच राहिली आणि मुकुटाची चेष्टा दर सुगीला व्हायची.

आता नियम मोडणारीचे काय, तेही सांगते. घंटेआधी जी आत शिरेल, तिने वेचलेले सगळे राणीने सगळ्यांसमोर शेतात उधळायचे. मग मी वाजायचे आणि ते कुणीही वेचून घ्यायचे. या तीस वर्षांत असे सातआठ वेळा झाले. प्रत्येक वेळी मला वाटायचे, माझ्या जागी एखादे भांडे ओतले असते तर बरे झाले असते.

ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या वर्षी केझाया सत्तरीला टेकली होती. तिचे गुडघे गेले होते. नवरा केव्हाच वारलेला, मूलबाळ नाही. इतर बायका दिवसाला डोक्यावर मोठा भारा घेऊन जायच्या आणि केझायाच्या काखेत कशाबशा तीन जुड्या. त्या उन्हाळ्यात, निराधारांना नेऊन ठेवतात त्या गरीबखान्याचा एक माणूस येऊन तिची खोली, चूल, पिठाचा डबा सगळे बघून गेला होता. डबा हिवाळ्याआधी भरला नाही तर तिला तिकडे हलवायचे ठरले होते. केझाया मर्सीला म्हणाली, "तिथं अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतात. आणि जेवायलाही घंटा वाजते म्हणे. ती घंटा दुसऱ्याच्या हातात."

मर्सीला काहीतरी टोमणा मारायचा होता, पण तिने तो गिळला.

सुगीच्या पहिल्याच आठवड्यात थर्झा कटिंग सापडली. थर्झा तिशीच्या आतली, नवऱ्याचा पाय गाडीखाली आलेला, तीन लेकरे. आठला वीस मिनिटे कमी असताना ती कुंपणाच्या फटीतून आत शिरली आणि दोन जुड्या बांधून बसली. दोघीतिघींनी पाहिले. केझाया काठी टेकत तिच्यापाशी गेली.

"मावशी, मूल तापानं फणफणतंय. मला दुपारीच घरी जायचंय, म्हणून जरा आधी शिरले. दोन जुड्या तर आहेत!"

"दोन असोत नाहीतर वीस. घंटेआधीचं ते घंटेआधीचंच."

"तुमच्या छातीत काळीज आहे की या घंटेतलं पितळ?"

"पितळ असतं तर निदान घासून चकचकीत तरी केलं असतं," मर्सी मागून म्हणाली. या वेळी कुणी हसले नाही.

केझायाने जुड्या सोडल्या आणि ओंब्या उधळल्या. मग मला वाजवले. थर्झा तिथेच उभी राहिली आणि शेजारणींनी तिच्या पायाजवळच्या ओंब्या उचलून नेल्या. संध्याकाळी घरी केझायाने मला टेबलावर ठेवले आणि गुडघ्यांना गरम फडके बांधले. "माझं काही चुकलं का गं?" तिने मला विचारले. मी काय सांगणार? मला दोनच शब्द येतात.

त्या वर्षी आणखी एक नवी गोष्ट आली होती. गावातल्या शेतांचे मालक थोरले गॅरड वारले होते आणि शेती त्यांच्या मुलाकडे, धाकट्या गॅरडकडे, आली होती. त्याने घोड्याने ओढायचे लोखंडी दंताळे विकत घेतले. ते शेतावरून फिरले की सांडलेल्या ओंब्या गोळा होऊन मालकाच्याच गाडीत जायच्या. विटांच्या भट्टीमागचे त्याचे शेत गावातले सर्वांत मोठे. अर्ध्या गावाचा सरवा तिथलाच. दंताळे दोनदा फिरून झाले तरी राखणीची पेंढी पाच दिवस तशीच उभी होती. बायका रोज फाटकाशी येऊन बघायच्या आणि परत जायच्या.

केझाया त्याच्या अंगणात गेली. मी तिच्या एप्रनच्या खिशात होते.

"मालक, पेंढी कधी उचलताय?"

"अजून एकदा दंताळं फिरवायचंय, राणीबाई. उद्या-परवा बघू."

"दोनदा फिरवलंत. तिसऱ्यांदा फिरवून काय उंदरांच्या तोंडातलं काढून घ्यायचंय?"

गॅरड हसला. त्याला राग आला नाही. "शेत माझं, पेंढी माझी. नियम तुमच्या तोंडूनच ऐकत लहानाचा मोठा झालोय मी."

हे खरे होते, म्हणून केझाया काठी टेकत मागे फिरली. बाहेर पडताना तिने पूर्वेकडे पाहिले. समुद्राच्या बाजूने काळे ढग चढत होते. दोन दिवस पाऊस लागला की सांडलेला गहू मोडावतो आणि मग तो डुकरांच्याच कामाचा राहतो.

दुसऱ्या दिवशी जरा फटफटले तशी ती उठली. तिने एक लोकरी मोजा घेतला आणि माझ्या पोटात कोंबला. तीस वर्षांत तिने माझी जीभ, म्हणजे आतला लोलक, अशी कधी धरली नव्हती. मग काठी घेऊन निघाली. भट्टीमागच्या शेताचे फाटक तिने उघडले आणि धसकटांतून मधोमध गेली. पेंढीला हात लावण्याआधी ती थोडी थांबली. मग तिने पेंढी मिठीत धरली आणि कुंपणापलीकडच्या चरात नेऊन टाकली. सत्तर वर्षांची बाई, आणि तसले गुडघे. दोनदा खाली बसली. एकदा रडली. हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

आठला फाटकाशी तीसएक बायका जमल्या. "पेंढी गेली! अगं, पेंढी गेली!" म्हणून नुसता गलका झाला. केझायाने मोजा काढला आणि मला वाजवले. मित्रांनो, त्या सकाळी मी खोटे बोलले. माझा आवाज नेहमीसारखाच घोगरा होता, त्यामुळे कुणाला काही कळले नाही.

दिवस चांगला गेला. बायका ओळीने वाकून पुढे सरकत होत्या. लांब काड्यांच्या जुड्या बांधायच्या, तुटक्या ओंब्या एप्रनच्या ओच्यात टाकायच्या. दुपारी कुंपणाच्या सावलीत पाव, कांदा, बाटलीतला गार चहा. केझाया मात्र जेवायला बसली नाही. ती हातापायांवर रांगत वेचत होती. तीन वाजेपर्यंत तिच्या गोणीत तिचा त्या सुगीतला सर्वांत मोठा साठा झाला होता.

तेवढ्यात गॅरड घोड्यावरून आला. मागे त्याचा गडी जेबेझ दंताळे घेऊन.

"कुणी उचलली पेंढी?"

सगळ्या सरळ उभ्या राहिल्या. जेबेझने कुंपणापाशी जाऊन चरात डोकावले आणि हाक मारली, "मालक, इथं पडलीय!"

गॅरड खाली उतरला. त्याची नजर बायकांवरून फिरत थर्झावर येऊन थांबली. "या बाईला घंटेआधी शिरायची सवय आहे म्हणे. मागच्या आठवड्यातच सापडली होती ना?"

"मी नाही काढली!" थर्झा म्हणाली.

"मग काय पेंढी चालत गेली? यापुढे माझ्या कुठल्याही शेतात तू दिसता कामा नये. या वर्षीही नाही, पुढच्याही नाही."

मी केझायाच्या हातात होते. तिने गोणीकडे पाहिले. थर्झा कितीही नाही म्हणाली असती तरी तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नव्हता. केझायाने फक्त तोंड मिटून ठेवायचे होते, आणि हिवाळा तिचा होता.

"पेंढी मी काढली," केझाया म्हणाली.

"काहीतरीच!" मर्सी ओरडली. "म्हातारीला ऊन लागलंय, मालक. लक्ष देऊ नका."

"मला काही ऊनबीन लागलेलं नाही. पहाटे मीच काढली. पाऊस येईल म्हणून सगळ्यांसाठी काढली, असं सांगता येईल मला. पण माझा डबा रिकामा होता म्हणून काढली. दोन्ही खरं आहे."

गॅरड वाईट माणूस नव्हता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "बाकीच्या घंटा ऐकून आत आल्या. त्यांचं त्यांच्याकडे राहू दे," तो म्हणाला. "पण तुमचं काय करायचं, राणीबाई? नियम तर तुमचाच."

"नियम आहे तोच आहे," केझाया म्हणाली. "पण राणीची गोणी राणीनंच उधळली तर त्याला काय अर्थ?" आणि तिने मला पुढे केले. मर्सीकडे नाही, तर थर्झाकडे. "घे. आजपासून ही तुझी."

थर्झाने मला घेतले. तिला सूड घ्यायचा होता की नाही, मला सांगता येणार नाही. एक आठवडाभर ती केझायाशी बोलली नव्हती. तिने गोणी उचलली, जुड्या एकेक करून सोडल्या आणि ओंब्या उधळल्या. मुठीमुठीने, लांब लांब, काही हातचे राखून न ठेवता. नियम असाच होता. केझायाने मान खाली घातली नाही. ती सगळे बघत उभी होती.

मग थर्झाने मला वाजवले. म्हणजे आता कुणीही वेचावे.

मी वाजले, आणि एकही बाई वाकली नाही.

तीस बायका उभ्या होत्या. कुणी एप्रन झटकत होती, कुणी मुलाचे नाक पुसत होती. प्रत्येकीच्या पायाशी गहू पडला होता आणि प्रत्येकीच्या घरी खाणारी तोंडे होती.

"आता काय झालं?" गॅरड म्हणाला. "घंटा झाली की. वेचा ना."

"कमर धरलीय, मालक," मर्सी म्हणाली. "सकाळपासून वाकून वाकून आम्हा सगळ्यांचीच धरलीय. घंटा झाली म्हणून काय, वाकलंच पाहिजे असा तर काही नियम नाही ना?"

केझाया अजून उभीच होती. तिला समजायला वेळ लागला. "अशा काय बघताय?" ती खेकसली. "वेचा म्हणतात तर वेचा की!" कुणी हलले नाही. तेव्हा तिने काठी बाजूला ठेवली, हळूहळू खाली बसली आणि पहिली ओंबी उचलली. मग दुसरी.

गॅरड मागे वळला. "जेबेझ, दंताळं घरी ने," तो म्हणाला आणि घोड्यावर न बसता लगाम धरून चालत निघून गेला.

पण मित्रांनो, थर्झाने ओंब्या खूप लांब लांब उधळल्या होत्या. एकटी म्हातारी रांगत त्या गोळा करणार, म्हणजे वेळ लागणारच. मदत कुणी करायची नाही, कारण दुसरीने उचलली ती दुसरीची झाली असती. सावल्या लांबल्या. साडेपाच झाले. अर्धाही गहू गोणीत आला नव्हता. मग चर्चच्या घड्याळात सहाचे टोले पडले.

सगळ्यांनी थर्झाकडे पाहिले. सहा झाले की मी वाजायचे आणि मी वाजले की हात थांबायचे. केझायानेही पाहिले. तिचा हात एका ओंबीपाशी तसाच थांबला होता. तीस वर्षे तिने हा नियम एका मिनिटाने इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

थर्झाने मूठ माझ्या पोटात घातली आणि माझी जीभ घट्ट धरली.

"घड्याळ पुढं आहे वाटतं," ती म्हणाली. "वेचा तुम्ही, मावशी."

सूर्य झाडांमागे गेला. बायकांनी भारे डोक्यावर घेतले नाहीत, मुलांना घरी पिटाळले नाही. त्या फाटकाशी ओळीने उभ्या राहिल्या आणि केझाया पुढे सरकत राहिली. तिचे डोळे अंधूक झाले तेव्हा मर्सी तिच्याबरोबर चालू लागली. "डावीकडे एक आहे. नाही गं, ते गवत. त्याच्या पलीकडे," असे सांगत. हात मात्र तिने लावला नाही. ओंबी दिसेनाशी झाली तेव्हा केझाया उठली, गोणी काखेत धरली आणि थर्झाच्या समोर येऊन उभी राहिली. "आता वाजव," ती म्हणाली. तेव्हा कुठे थर्झाने मला वाजवले. माझ्या आयुष्यात मला वाजल्याचा आनंद झाला तो तेव्हा.

तो पाऊस आलाच नाही. ढग आले तसे गेले. केझायाला सगळे धान्य काही परत मिळाले नाही. पण डबा वरपर्यंत नसला तरी भरला, आणि त्या हिवाळ्यात ती आपल्याच चुलीपाशी बसली होती.

पुढची गोष्ट थोडकीच आहे. थर्झाने मला वीस वर्षे वाजवले. मग असे यंत्र आले की तेच कापते, तेच बांधते आणि मागे काही सोडत नाही. दंताळ्याने अर्धा सरवा नेला होता, या यंत्राने उरलेला नेला. गावातल्या मुली शहरात कामाला गेल्या. मी काही वर्षे डुकरांना बोलवायला होते. नंतर चर्चच्या कपाटात जुन्या टेबलक्लॉथखाली पडून राहिले आणि हिरवी पडले. हल्ली दर ऑक्टोबरला, सुगीच्या आभाराच्या प्रार्थनेला, कुणीतरी मला बाहेर काढते, घासते आणि मोठाले भोपळे आणि शेवंतीची फुले यांच्यामध्ये मांडते. शेजारी एक चिठ्ठी असते, हात लावू नये म्हणून. लोक येतात, "किती छान" म्हणतात आणि पावाकडे वळतात.

माझी काही तक्रार नाही. मी दमले आहे, आणि दमलेल्याला पडून राहायला मिळाले तर ते बरेच असते. मला घासले नाही तरी चालेल. घोगरी म्हणून हसलात तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या हातीही कधीतरी एखादी घंटा येईल. शाळेची असेल, कारखान्याची असेल, आणखी कसली असेल. सकाळची वाजवायची ती वेळेवर वाजवा. संध्याकाळची वाजवण्याआधी मात्र एकदा शेतावर नजर टाका. कुणी अजून गुडघ्यांवर असेल, तर तिची जीभ जरा धरून ठेवा.